नळाला चाळीस उत्तरं, माझ्या पोस्टला अंगठा

पत्र

ताई, नमस्कार.

मी राजेंद्रनगरात राहते. आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, दोनशेच्या आतबाहेर माणसं. लॉकडाऊनमध्ये भाजी-औषधांसाठी सुरू झाला आणि अॅडमिनपद माझ्या गळ्यात पडलं. मला नेटवर भटकायची भारी हौस. काही विलक्षण सापडलं की एकटीनं वाचून गप्प बसवत नाही. म्हणून वर्षभर रोज सकाळी एखाद-दोन आश्चर्याच्या गोष्टी मी ग्रुपवर टाकते, अगदी सविस्तर लिहून. हेतू एवढाच की लोकांनी बोलावं, सुप्रभातच्या फुलांपलीकडे काहीतरी घडावं. पण चार अंगठे, दोन जोडलेले हात, संपलं. तेच कुणी ‘नळ आले का?’ विचारलं की दहा मिनिटांत चाळीस उत्तरं!

एकदाच चर्चा झाली, तीही नको तशी. लताबाईंचा जन्म आपल्या इंदूरचा, शीख मोहल्ल्यातला, एवढंच मी लिहिलं होतं. त्या गोव्याच्या, सांगलीच्या, कोल्हापूरच्या की आपल्या, यावर रात्री साडेबारापर्यंत जुंपली आणि दोघं जण ग्रुप सोडून गेले. माझे मामेसासरे एमपीईबीतून, म्हणजे वीज मंडळातून, रिटायर झालेत. त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘ही काय शाळा आहे? रोज नवा धडा!’ नवरा म्हणतो, फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल असं सेटिंग करून टाक, कटकट मिटेल. परवा हळदीकुंकवाला एक काकू विचारत होत्या, ‘तो डांबराचा थेंब पडला का गं?’ म्हणजे वाचतात सगळे, पण ग्रुपवर ढिम्म. बंद करू का हे? सोबत माझ्या काही पोस्ट पाठवते आहे.

नाव छापू नका. राजेंद्रनगर, इंदूर.

उत्तर

बंद करू नका. जसं चाललंय तसं चालूही ठेवू नका.

तुमचं पत्र वाचताना मला हसू येत होतं, कारण जे विचारताय त्याचं उत्तर तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय, फक्त तक्रारीच्या सुरात. नळाची चाळीस उत्तरं! तो मेसेज कसा असतो बघा. तीन शब्दांचा. विचारणाऱ्याला खरोखरच माहीत नसतं. उत्तर द्यायला विद्वान असावं लागत नाही, स्वयंपाकघरात जाऊन तोटी फिरवली की झालं. आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं असूनही प्रत्येकाचं बरोबर: ‘आले, पण धार बारीक आहे’, ‘इकडे गढूळ येतंय’, ‘आमच्या वरच्या टाकीत चढत नाहीये’, ‘आमच्याकडे काल पण नव्हते’. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी ते, त्याच्याबद्दल इंदूरात ज्याला काही सांगायचं नाही असा माणूस भेटायचा नाही.

आता तुमच्या पोस्ट. सगळ्या वाचल्या. लिहिता चांगलं, उगाच म्हणत नाही. आरंभ आहे, तपशील आहे, तारखा आहेत, शेवटी ‘आहे ना अद्भुत?’ आहे. पण मग वाचणाऱ्यानं करायचं काय? एक तर वाहवा करायची, नाहीतर चूक काढायची. वाहवा म्हणजे अंगठा. चूक काढणं म्हणजे ती लताबाईंची रात्र. तिसरं काही करायला तुम्ही जागाच ठेवत नाही. सगळं वाढून, जेवून, ताट घासूनसुद्धा तुम्हीच ठेवता आणि मग विचारता की पाहुणे बोलत का नाहीत.

तुमच्या ग्रुपला शोभेल अशी एक गोष्ट सांगते, तुमच्या यादीत ती दिसली नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत बऱ्याच जणांत मिळून कॉफीचं एक भांडं होतं, ट्रोजन रूम नावाच्या खोलीपाशी. लांबच्या खोल्यांतले संशोधक जिने चढून-उतरून यायचे आणि भांडं रिकामं. १९९१ साली वैतागून त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचं चित्र प्रत्येकाला आपल्या संगणकावर दिसेल अशी सोय केली. १९९३ मध्ये ते वेबवर चढलं आणि जगातला पहिला वेबकॅम म्हणून गाजलं. चित्र काळं-पांढरं, टपालाच्या तिकिटाएवढं. भांडं भरलंय की रिकामं आहे एवढंच त्यात कळायचं, आणि तेवढंच बघायला जगभरातले लोक तिथे डोकावायचे. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला, आणि ते मोडकं भांडं लिलावात ३,३५० पौंडांना गेलं.

हे तुम्ही टाकलं असतं तर साठ ओळी झाल्या असत्या, ‘वेबकॅमचा रंजक इतिहास’ असं वर ठळक लिहून. त्याऐवजी चित्र टाका आणि खाली इतकंच: ‘हा जगातला पहिला वेबकॅम. केंब्रिजच्या हुशार मंडळींनी कशासाठी लावला? कॉफी उरली आहे का बघायला, जिने चढायला नकोत म्हणून. म्हणजे आपल्या “नळ आले का”चीच विलायती आवृत्ती! तुमच्या घरात कशावर कॅमेरा लावला तर एक फेरी वाचेल?’ कुणी टाकी म्हणेल, कुणी दूधवाल्याची पिशवी, कुणी खाली लावलेली स्कूटर, आणि एखाद्या आजी ‘सूनबाई’ म्हणतील आणि पुढचा अर्धा तास ग्रुप हसत बसेल. लिलावाची किंमत मात्र राखून ठेवा. गप्पा रंगात आल्या की मध्येच ती सोडा. सगळा मसाला पहिल्याच फोडणीत टाकायची तुम्हाला घाई असते.

प्रश्न कसा विचारायचा याबद्दल थोडं. तुमच्या बऱ्याच पोस्टच्या शेवटी ‘तुम्हाला काय वाटतं?’ आहे. हा प्रश्न मला अजिबात आवडत नाही. त्यात विचारणारा काही कष्ट घेत नाही आणि सांगणाऱ्यावर मात्र मत बनवायची जबाबदारी टाकतो. शिवाय मत विचारलं की भांडण फार लांब नसतं. लोकांनी काय पाहिलं, कुठे राहिले, किती पैसे दिले, कुठल्या कचेरीत काम केलं, आई ते कसं करायची, हे विचारा. त्याला चूक-बरोबर नसतं. आणि एकाच पोस्टमध्ये तीन-तीन प्रश्न नकोत. एकच, तोही असा की पोळी लाटता लाटता उत्तर देता येईल.

आता त्या हळदीकुंकवातल्या काकू. वर्षभरात तुमच्या हाती लागलेलं सगळ्यात मोठं यश त्या आहेत आणि तुम्ही त्यांना पत्रात अर्धी ओळ दिलीत! एवढ्या पोस्ट वाचून त्यांच्या लक्षात डांबरच का राहिलं? कारण ती एकच गोष्ट अशी होती की जी तुमच्या पोस्टमध्ये संपली नव्हती. तुम्ही संपवू शकला नाहीत, एवढंच. ज्या वाचकांना हे डांबर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला, क्वीन्सलँड विद्यापीठात, थॉमस पार्नेल नावाच्या प्राध्यापकांनी १९२७ साली तापवलेलं पिच, म्हणजे हातोडी मारली तर काचेसारखा फुटणारा डांबरी पदार्थ, काचेच्या नरसाळ्यात ओतलं. तीन वर्षं बसू दिलं आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं. तेव्हापासून ते गळतंय. ज्याला आपण घन समजतो ते प्रत्यक्षात पाण्याच्या शेकडो अब्ज पट दाट द्रव आहे, हे विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं. नववा थेंब २०१४ साली सुटला, आता दहाव्याची पाळी. नेटवरून कॅमेऱ्यातून कुणालाही घरबसल्या त्याच्याकडे बघत बसता येतं.

तुमच्या पोस्टमध्ये पिचची घनता होती, स्निग्धता (द्रवाचा घट्टपणा) होती, पण जॉन मेनस्टोन शेवटच्या ओळीत उरकले होते. मी असते तर त्यांच्यापासूनच सुरुवात केली असती. हे गृहस्थ १९६१ पासून त्या प्रयोगाचे राखणदार. १९७९ चा थेंब सुट्टीच्या दिवशी पडला, ते नव्हते. १९८८ ला अगदी जवळ बसून होते, पाच मिनिटं काहीतरी प्यायला उठले आणि थेंब पडला. २००० मध्ये कॅमेरा लावला होता, तर नेमका तोच बंद पडला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ते वारले. पुढचा थेंब आठच महिन्यांनी सुटला. पन्नास वर्षं वाट बघून त्यांना एकही थेंब पडताना दिसला नाही. काकूंना बहुधा त्या माणसाची हळहळ लागली असावी, स्निग्धतेची नव्हे.

तर आधी त्या काकूंना फोन करा, विचारा की तुमचं नाव घेऊन लिहू का, आणि मग ग्रुपवर लिहा: ‘अमुक काकूंनी हळदीकुंकवात विचारलं, थेंब पडला का? अजून वाटच बघणं चाललंय. तुमच्याकडे अशी कुठली गोष्ट आहे, जी “होणार, होणार” म्हणून वर्षानुवर्षं लोंबकळते आहे?’ कुणी मुलाच्या लग्नाचं लिहील, कुणी कपाटाच्या बिजागरीचं. इंदूर मेट्रोचं नाव निघेल, निघू द्या.

काकू ग्रुपवर का बोलल्या नाहीत, याचं कारण कदाचित अगदीच साधं असेल. साठी-सत्तरीतल्या पुष्कळ जणांना बोटानं देवनागरी टाइप करणं जिवावर येतं. आपल्याकडे तर आणखी पंचाईत: फोनवर कळफलक हिंदीचा, ‘ळ’ शोधेपर्यंत विषय बदललेला असतो. त्यांना एकदा सरळ सांगून टाका की बोलून पाठवा, व्हॉइस मेसेज चालेल, हिंदीत लिहिलं तरी चालेल. आणि कुणी ‘मैंने भी देखा था, बहुत सुंदर होतं ते’ असं आपलं नेहमीचं इंदुरी लिहिलं तर ते सुधारायला जाऊ नका. तुमच्या पाठवलेल्या संवादात एका ठिकाणी तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलंय. पुढे त्या गृहस्थांचा एकही मेसेज दिसत नाही, तुमच्या लक्षात आलं का?

मामांच्या शेऱ्याचं वाईट वाटून घेऊ नका. ‘शाळा’ हा शेरा खवचट असला तरी निदान म्हणून अचूक आहे. तुम्ही शिकवताय आणि समोर बसलेले सगळे तुमच्यापेक्षा वयानं मोठे, आपापल्या कामात आयुष्य काढलेले. त्यात मामा तर वीज मंडळातले! त्यांना धडा नको असेल, पण त्यांना कुणी विचारलं तर? त्यांच्यासाठी एक खास वस्तू आहे. तुमच्याकडेही ती दर दिवाळीला येतच असणार.

‘दिवाळीच्या रात्री नासानं उपग्रहातून टिपलेला भारत’ हा तो फोटो. जांभळा, हिरवा, लाल झगमगाट. वर्षानुवर्षं फिरतोय आणि दिवाळीशी त्याचा काडीचा संबंध नाही. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान व सागर संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ साली अनेक वर्षांची उपग्रहचित्रं एकावर एक ठेवून तो बनवला. शहरांचे दिवे वर्षांमागून वर्षं कसे पसरत गेले हे दाखवायला रंग दिलेत: १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२ मध्ये नव्यानं दिसलेले निळे, १९९८ चे हिरवे, २००३ चे लाल. नासानं २०१२ मध्ये दिवाळीच्या रात्रीचं खरं चित्र प्रसिद्ध करून सांगितलंसुद्धा, की दिवाळीला जो जास्तीचा उजेड पडतो तो एवढा थोडा असतो की अवकाशातून बहुधा कळायचाही नाही.

आता कुणी हा फोटो टाकला की ग्रुपवर काय होतं? एक हुशार पोरगा ‘फेक’ असं लिहितो, टाकणारे काका गप्प होतात आणि विषय मरतो. हा ‘फेक’ शब्द मला फार आळशी वाटतो. खोट्यामागची खरी गोष्ट किती सुरेख आहे बघा! दिवाळीच्या एका रात्रीऐवजी त्या चित्रात दहा-बारा वर्षांत वाढलेली गावं आहेत. म्हणजे इंदूरही आहे. कुठला भाग पांढरा, कुठला लाल? विजयनगर, स्कीम ५४, स्कीम ७८, तुमचं स्वतःचं राजेंद्रनगर, इथे खांब कधी आले, त्याआधी संध्याकाळी सातनंतर लोक काय करायचे? हे त्या चित्रावरून कळणार नाही. ते मामांना माहीत असेल.

म्हणून तो फोटो तुम्हीच टाका, खरं काय ते दोन ओळींत सांगा, आणि लिहा, ‘मामा, आपल्या भागात लाइट आली तेव्हा तुम्ही नोकरीत होतात ना? कशी आली हो?’ बाकी काही नको. आणि टाकायच्या आधी संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जाऊन या आणि सांगा की असं असं विचारणार आहे. यात काही लबाडी नाही. मैफलीत पहिली फर्माईश बहुतेक वेळा यजमानानंच कुणाच्या तरी कानात सांगितलेली असते. पहिला माणूस बोलला की दुसऱ्याला धीर येतो. दोनशे जणांसमोर पहिलं तोंड उघडणं अवघडच असतं, मग ती माणसं रोजच्या दुकानात भेटणारी का असेनात.

रोज टाकणं थांबवा. आठवड्यातून एक, फार तर दोन. सकाळी सहा ते नऊ ही वेळ फुलांची आणि सुविचारांची, तिथे घुसू नका. (फुलं काढून टाकायच्या भानगडीतही पडू नका. कित्येकांसाठी ती हजेरी असते.) रविवारी पोहे-जिलेबी झाली की दहा-साडेदहाला ग्रुपला सवड असते. पोस्ट टाकल्यावर पुढचा अर्धा तास फोन हातात ठेवा. ज्यानं पहिलं उत्तर दिलं त्याला नावानं उत्तर द्या, त्याच्याच बोलण्यातला धागा धरून पुढचं विचारा. तुम्ही पोस्ट टाकून ऑफिसला निघून जाता. लोकांना वाटतं, नोटीस लावून गेली.

लिंक नुसती टाकू नका. बँका आणि पोलीस रोज सांगतात की अनोळखी लिंकवर बोट ठेवू नका, आणि लोक तेवढं तरी ऐकतात, चांगलंच आहे. चित्र आणि तीन ओळी आधी, लिंक सगळ्यात खाली, आणि ती कुठे नेते ते लिहून. आणि टाकण्यापूर्वी तो मजकूर मूळ ठिकाणी आहे का बघा: विद्यापीठ, संग्रहालय, ज्यांनी ते केलं त्यांचं स्वतःचं पान. फिरत आलेल्या चित्राचा माग काढायला गूगलवर चित्रावरूनच शोधता येतं. पाच मिनिटांचं काम आहे.

लताबाईंच्या रात्रीबद्दल. माहिती तुमची बरोबर होती. २८ सप्टेंबर १९२९, इंदूर, शीख मोहल्ला. पण तुम्ही ‘आपल्या’ म्हणून मालकी सांगितलीत. मालकी सांगितली की दुसरा दावेदार उभा राहणारच, आणि लताबाईंच्या बाबतीत दावेदारांना काय तोटा! त्याच माहितीवर ‘शीख मोहल्ल्यात कुणाचं लहानपण गेलंय का? तेव्हा ती गल्ली कशी होती?’ असं विचारलं असतं तर सांगली-कोल्हापूरकर ऐकत बसले असते. आता झालं ते झालं. जे दोघं गेले त्यांना मेसेज करू नका, फोन करा. लताबाईंचा विषय काढू नका, ‘तुमच्यावाचून चुकल्यासारखं होतं’ एवढं म्हणा. आले तर आले. पुढच्या वेळी अकरा वाजले की अॅडमिन म्हणून ‘बाकीचं उद्या’ असं लिहून मोकळ्या व्हा. रात्री अकरानंतर लिहिलेल्या वाक्यांनी कुणाचं मत बदललेलं मी तरी पाहिलं नाही. आणि तुमच्या यजमानांना सांगा की फक्त अॅडमिननं लिहायच्या त्या सेटिंगनं कटकट मिटेल हे खरं, पण मग ग्रुपचा सूचनाफलक होईल.

शेवटी, शोधायचं कुठे. तुमच्या यादीत आइसलंडचे ज्वालामुखी आहेत, पेरू देशातल्या वाळवंटावरच्या प्रचंड रेषा आहेत, खोल समुद्रातले मासे आहेत. मला हे सगळं आवडतं. पण राजेंद्रनगरातला माणूस पेरूच्या रेषांबद्दल काय बोलणार? दूरचं असं निवडा की ज्याचं एक टोक इंदूरात आहे. अशा गोष्टी आहेत, आणि थोड्याथोडक्या नाहीत. कॅनबेराला ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात ब्रांकुशी या शिल्पकाराचे दोन संगमरवरी ‘पक्षी’ आहेत, एक काळा, एक पांढरा. ते मुळात इंदूरचे तेव्हाचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी घेतलेले, इंदूरात त्यांच्यासाठी एक मंदिर बांधायचं म्हणून. त्यासाठी ब्रांकुशी स्वतः १९३७ च्या अखेरीला इथे येऊनही गेला. मंदिर काही झालं नाही. त्याच यशवंतरावांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराकडून माणिकबाग बांधून घेतला. त्यातलं फर्निचर १९८० साली मोनाकोत लिलावाला निघालं आणि आज जगातल्या संग्राहकांकडे आहे. खुद्द इमारतीत कराचं सरकारी ऑफिस आहे! नेटवर त्या खोल्यांचे जुने फोटो सापडतात. ते टाका आणि विचारा, ‘इथे नोकरी केलेलं कुणी आहे का? तुमचं टेबल कुठल्या खोलीत होतं?’ तुमच्या दोनशे जणांत एक्साइजमधून रिटायर झालेला एकही मराठी माणूस नाही, हे मी मानायला तयार नाही.

पण मी तुमच्या जागी असते तर आधी कचऱ्यापासून सुरुवात केली असती. २०१७ पासून २०२३ पर्यंत इंदूर सलग सात वेळा देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर ठरलं, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण जगात सेंद्रिय शेती करणाऱ्यांना इंदूरचं नाव त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे, तेही कचऱ्यामुळेच. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथे होते, इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत. म्हणजे आज जिथे आपलं कृषी महाविद्यालय आहे तिथे. पिकांचा पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, लाकडाची राख, हे थरावर थर रचायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी उलथायचं, आणि तीन महिन्यांत काळंभोर खत तयार. चीनमधल्या शेतकऱ्यांची जुनी रीत आणि आपल्या शेतकऱ्यांचा अनुभव, दोन्ही त्यात आहे. या पद्धतीला जगभर नाव पडलं ते ‘इंदूर पद्धत’. मळ्यांपासून परसबागांपर्यंत ती गेली, आणि इथे आपण ओल्या कचऱ्याची बादली गाडीत रिकामी करताना गाडीचं गाणं तेवढं गुणगुणतो.

या पद्धतीचं मूळ पुस्तक १९३१ चं, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं छापलेलं. आज ते नेटवर पूर्ण वाचायला मिळतं. त्याचं पहिलं पान उघडून त्याचं चित्र काढा, कारण त्यावर लेखक म्हणून दोन नावं आहेत. पहिलं अल्बर्ट हॉवर्ड. ते जगाला माहीत आहे, त्यांना पुढे ‘सर’ ही पदवीही मिळाली. दुसरं नाव यशवंत डी. वाड. सेंद्रिय शेतीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण पहिल्या नावापाशीच थांबतात.

हे चित्र रविवारी टाका. वर लिहा, ‘जगात जिथे जिथे असं कंपोस्ट करतात तिथे आपल्या गावाचं नाव घेतात. पुस्तकावरचं दुसरं नाव बघा. त्या काळी “इन्स्टिट्यूट”मध्ये तुमच्या घरातलं कुणी होतं का? आजोबा, पणजोबा, शेजारचे कुणी?’ हॉवर्डचं चरित्र लिहू नका. थर कसे रचायचे तेही लिहू नका. ज्या बायका गच्चीवर माठात खत करतात त्या तुम्हाला शिकवतील, आणि त्यांचा पुन्हा वाद होईल की राख घालावी की न घालावी. तो होऊ द्या. आणि वाडांबद्दल ग्रुपवर काही हाती लागलं, तर मला दोन ओळी नक्की टाका.